विश्लेषण : रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या लोखंडे यांची पाचवी मागणी काय होती? आजारपणाच्या रजेशी तिचा काय संबंध?

रविवारी दुपारनंतर खडकवासला धरणाच्या चौपाटीवर गाडी लावायला जागा मिळत नाही. भाजलेली कणसे, कांदाभजी, सिंहगडावरून परतणाऱ्या दुचाकींची रांग आणि कडेने पोलिसांच्या शिट्ट्या, हे चित्र पुणेकरांच्या ओळखीचे आहे. आठवड्याची ही सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना मिळवून देण्यात नारायण मेघाजी लोखंडे यांचा मोठा वाटा होता. दरवर्षी जूनमध्ये त्यांच्या नावाचे संदेश मोबाइलवर फिरतात. मात्र सुट्टी ही त्यांच्या पाच मागण्यांपैकी केवळ एक होती. पाचवी मागणी कामावर जखमी होऊन घरी बसलेल्या कामगाराच्या पगाराची होती. १४० वर्षांनंतरही तो प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. ‘बरे नाही, आज येत नाही’ असा मेसेज साहेबांना टाकताना आजही अनेकांचा हात थबकतो. त्या मागणीची आणि ती मांडणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

खडकवासल्यापासून सुरुवात का?

खडकवासल्याचे दगडी धरण १८७० च्या दशकात उभे राहिले. पुणे शहर आणि लष्कराला पाणी, तसेच कालव्याखालच्या शेतीला सिंचन हा त्यामागचा हेतू होता. महात्मा जोतिराव फुले त्या काळात ठेकेदारीही करत. मुठा नदीवरच्या या धरणाच्या कामाला बांधकाम साहित्य पुरवण्याचा ठेका त्यांच्याकडे होता. कात्रजच्या बोगद्यासाठी मजूर पुरवण्याचे कामही त्यांनी केले. सरकारी बांधकामावर मजुराच्या घामाचा पैसा कुठे मुरतो, हे त्यांनी जवळून पाहिले आणि त्यावर लिहिलेही.

धरणावर दगड वाहणाऱ्या मजुरासाठी त्या वेळी रजेचा कोणताही कायदा नव्हता. काम केले तर मजुरी, नाहीतर नाही, असा सरळ हिशेब होता. देशातला पहिला कारखाने कायदा १८८१ मध्ये आला, तोवर धरण बांधून झाले होते. याच काळात, २४ सप्टेंबर १८७३ रोजी फुले यांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्या समाजातून पुढे आलेल्या कार्यकर्त्यांमध्ये लोखंडे होते. सत्यशोधक विचार त्यांनी मुंबईच्या गिरणगावात नेला.

नारायण मेघाजी लोखंडे कोण होते?

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. कुटुंब मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, माळी समाजातले आणि परिस्थितीने गरीब. ठाण्यात शिक्षण घेतल्यावर त्यांनी रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केली. त्यानंतर मुंबईत मांडवी भागातील एका कापड गिरणीत ते कारकुनी कामावर लागले.

ही नोकरी त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. लोखंडे साच्यावर काम करणारे कामगार नव्हते. ते कचेरीत बसत. हजेरी, खाडे, दंड आणि थकलेला पगार यांच्या नोंदी ज्या बाजूला होतात, ती बाजू त्यांना माहीत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ते व्यवस्थापनाच्या बाजूच्या टेबलावर होते. त्यामुळे कामगारांच्या तक्रारी नेमक्या मागण्यांत बसवणे त्यांना जमले.

सत्यशोधक विचारांचे ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले होते. ते आर्थिक अडचणीत आल्यावर १८८० मध्ये लोखंडे यांनी मुंबईतून त्याची जबाबदारी घेतली. शेतकरी आणि कामगारांचे प्रश्न मांडणारे हे पत्र त्यांनी अखेरपर्यंत चालवले.

गिरणीत आजारी पडल्यास काय व्हायचे?

विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडताना काम सुरू आणि मावळताना बंद. उन्हाळ्यात हा दिवस १३ ते १४ तासांपर्यंत लांबे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणावाराला गिरणी बंद राही तेवढीच विश्रांती.

आतली हवा दमट ठेवावी लागे, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. त्या दमट उकाड्यात कापसाचे तंतू उडत. वाफेच्या इंजिनाची ताकद छताजवळच्या लांब दांड्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचायची. धावत्या पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा हात अडकला, तर एका कामगारासाठी सगळे खाते क्षणात थांबवणे सोपे नव्हते. बोटे तुटणे, हात चिरडणे हे धोके रोजचे होते.

घरी बसायची वेळ आली, तर कामगारापुढे तीन संकटे एकदम उभी राहत.

• मजुरी बंद : गैरहजर दिवसाचे पैसे नाहीत. काही गिरण्यांत एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापली जाई. गिरणगावच्या बोलीत याला ‘डबल खाडा’ म्हणत. ही प्रथा विसाव्या शतकातही टिकून होती.

• जागा जाण्याची भीती : गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगार उभे असत. रिकाम्या जागेवर कोणाला घ्यायचे, हे जॉबर ठरवायचा. बरा होऊन परतलेल्या कामगाराला जुनी जागा देणे न देणे बरेचसे त्याच्याच हातात असे. त्यासाठी त्याचा हात ओला करावा लागे.

• अडकलेला पगार : केलेल्या कामाचे पैसे कित्येक आठवडे उशिरा मिळत. काम सोडून जाणाऱ्याचे पैसे बुडण्याची भीती असे. म्हणजे औषधाला पैसे हवे असताना स्वतःचेच पैसे गिरणीत अडकलेले असत.

यात ठळक बाब अशी, की रजेचा कुठलाही नियम नव्हता. एकाच तापाला एकाला सवलत मिळे आणि दुसऱ्याची जागा जाई. सारे काही दारातल्या एका माणसाच्या मर्जीवर चाले.

पहिला कायदा असूनही फरक का पडला नाही?

१८८१ च्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूदही होती. पण हा कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. प्रौढ पुरुष आणि स्त्रियांच्या कामाच्या तासांबद्दल तो गप्प होता. प्रौढांची सुट्टी आणि जखमी कामगाराचा पगार हे विषय त्यात नव्हते.

कायद्यात सुधारणा करायची का, हे तपासण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला. आयोगापुढे गिरणी मालक बोलणार हे उघड होते. कामगारांच्या वतीने बोलणारे मात्र कोणी नव्हते. लोखंडे यांनी ही जागा भरली.

१८८४ च्या पाच मागण्या कोणत्या?

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तेथे मंजूर झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या आणि अंगठे दिले. हे निवेदन आयोगाला सादर करण्यात आले. त्यातील मागण्या अशा :

१. दर रविवारी सर्व कामगारांना पूर्ण सुट्टी मिळावी.

२. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी.

३. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे.

४. मागील महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा.

५. कामावर गंभीर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी मिळावी. कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य सोय व्हावी.

याच सुमारास त्यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन केली. भारतातील पहिली कामगार संघटना असा तिचा उल्लेख केला जातो. काही अभ्यासकांना मात्र तो मान्य नाही. संघटनेला वर्गणी देणारे सदस्य नव्हते आणि लिखित घटनाही नव्हती, हा त्यांचा मुद्दा आहे. तो खरा आहे. पण कामगारांच्या नावाने मागण्या लेखी मांडणे आणि हजारो सह्यांनिशी सरकारदरबारी नेणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

पाचवी मागणी वेगळी का ठरते?

पहिल्या तीन मागण्या वेळेच्या आहेत, चौथी पगाराच्या तारखेची. पाचवी मागणी मात्र काम न केलेल्या दिवसाचे पैसे मागते. ‘काम नाही तर दाम नाही’ या तेव्हाच्या सर्वमान्य नियमालाच ती हात घालते. मागणीचे दोन भाग पाहण्यासारखे आहेत. बरा होईपर्यंत पगार हा पहिला आणि बरा होणारच नसेल तर पोटापाण्याची सोय हा दुसरा. आजचे विमा कायदेही तात्पुरते आणि कायमचे अपंगत्व असाच फरक करतात.

ही मागणी जगाच्या मागे नव्हती. जर्मनीत बिस्मार्क यांच्या सरकारने कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा १८८३ मध्ये आणि अपघात विम्याचा कायदा १८८४ मध्ये केला. जर्मन योजनेत आजारी कामगाराला अर्धी मजुरी १३ आठवड्यांपर्यंत मिळत होती. ब्रिटनमध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा येण्यास १८९७ उजाडले. त्याच्या १३ वर्षे आधी परळ-भायखळ्याचे कामगार पूर्ण मजुरीची मागणी करत होते.

एक मर्यादा मात्र नोंदवायला हवी. पाचवी मागणी कामावर झालेल्या दुखापतीपुरती होती. साधा ताप, खोकला किंवा क्षय यांचा तिच्यात उल्लेख नाही. आज ज्याला आपण आजारपणाची रजा म्हणतो, ती संकल्पना त्या निवेदनाच्या एक पाऊल पुढे आहे. पण पाया तोच आहे. शरीर साथ देत नसताना कामगाराचे घर कसे चालायचे, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नसून काम घेणाऱ्याचाही आहे, असे ही मागणी सांगते.

विरोध कोणाचा होता?

मालकांचे म्हणणे असे, की कामगार तसेही सणाला, शेतीच्या हंगामाला, लग्नकार्याला गावी जातात. कामाच्या वेळेतही ते बाहेर रेंगाळतात. मग वेगळी सुट्टी आणि वेगळ्या सवलती कशाला? आज ‘रजा दिली की लोक गैरफायदा घेतात’ असे म्हटले जाते, त्याचे हे जुने रूप.

दुसरा विरोध अनपेक्षित दिशेने आला. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणी मालकांना भारतीय गिरण्यांची स्पर्धा नको होती. त्यामुळे भारतात कडक कारखाने कायदा व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. परिणामी, हा कायदा म्हणजे देशी उद्योग बुडवण्याचा डाव आहे, अशी भूमिका अनेक राष्ट्रवादी नेत्यांनी आणि वृत्तपत्रांनी घेतली. शंका निराधार नव्हती. पण त्या भांडणात कामगाराच्या तुटलेल्या बोटांचा हिशेब कोणीच धरत नव्हते. लोखंडे यांनी तो धरला. देशी उद्योग वाढायला हवा, पण त्याची किंमत कामगाराने एकट्याने का मोजावी, असा त्यांच्या भूमिकेचा रोख होता. त्यासाठी त्यांना टीकाही सोसावी लागली.

रविवारची सुट्टी कशी मिळाली?

१८८४ च्या निवेदनानंतर सरकारने लगेच काही केले नाही. लोखंडे यांनी पाठपुरावा सोडला नाही. सभा आणि निवेदने सुरूच राहिली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली.

मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत दोन गोष्टींची गल्लत होते. पहिली, १० जून १८९० हा निर्णयाचा दिवस होता आणि तो मंगळवार होता. दुसरी, सरकारी कचेऱ्या त्याआधीही रविवारी बंद असत. लोखंडे यांनी रविवार शोधून काढला नाही. साहेबाला आणि कारकुनाला मिळणारा दिवस त्यांनी गिरणी कामगाराला मिळवून दिला.

सरकारने १८९० मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगाच्या कामातही मुंबईच्या कामगारांची बाजू मांडण्यासाठी त्यांना सहभागी करून घेण्यात आले. त्यानंतरच्या १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. स्त्रियांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा ठरली. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर बंदी आली. पाचपैकी दोन मागण्या पूर्ण झाल्या. पाचवी मागे राहिली.

याच वर्षांत विधवांच्या केशवपनाविरोधात मुंबईतील नाभिकांना संघटित करण्याचे कामही लोखंडे यांनी केले. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा कामगार वस्त्यांत सलोखा राखण्यासाठी ते फिरले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ हा किताब दिला.

प्लेगच्या साथीत काय घडले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा पहिला रुग्ण आढळला तो मांडवीत. ज्या भागात लोखंडे यांनी गिरणीची नोकरी केली, तोच हा भाग. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. काही आठवड्यांत शहर रिकामे होऊ लागले. कामगार गावाकडे निघाले आणि गिरण्यांना माणसे मिळेनात. एरवी पगार आठवडेच्या आठवडे थकवणाऱ्या गिरण्या कामगार टिकवण्यासाठी रोजच्या रोज मजुरी देऊ लागल्या. जो व्यवहार कधीच शक्य नाही असे सांगितले जात होते, तो गरज पडताच शक्य झाला. करोनाच्या काळात घरून काम करण्याच्या बाबतीत आपण हेच पाहिले.

ज्यांना गाव नव्हते किंवा जायची ताकद नव्हती, ते चाळींतच राहिले. लोखंडेही थांबले. रुग्णांच्या सेवेसाठी मराठा हॉस्पिटल उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि वस्त्यांमध्ये काम सुरू ठेवले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. हाच कायदा करोनाच्या सुरुवातीला, २०२० मध्ये पुन्हा वापरण्यात आला. तो लागू झाल्यानंतर पाच दिवसांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे यांचा प्लेगनेच मृत्यू झाला. त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. महिनाभराने, १० मार्च रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचेही निधन झाले.

पाचव्या मागणीचे पुढे काय झाले?

ती तुकड्यातुकड्याने मान्य होत गेली.

• १९२३ : कामगार नुकसानभरपाई कायदा आला. कामावरच्या अपघाताची जबाबदारी मालकावर आली. निवेदनाला तेव्हा ३९ वर्षे झाली होती.

• १९३६ : वेतन देय कायद्याने पगाराची अंतिम तारीख ठरवली. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येईल, असे बंधन घातले. ‘डबल खाडा’ यामुळे बेकायदा ठरला.

• १९४४ : प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांसाठीच्या आरोग्य विम्याचा अहवाल सादर केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते.

• १९४८ : राज्य कामगार विमा कायदा संमत झाला. कामावरच्या दुखापतीसोबत साध्या आजारपणालाही पहिल्यांदा पगाराचे संरक्षण मिळाले. प्रत्यक्ष योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली.

आज या योजनेत, ज्याला आपण ‘ईएसआय’ म्हणतो, आजारी कामगाराला मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. कामावरच्या दुखापतीसाठी ९० टक्के रक्कम मिळते. कायमचे अपंगत्व आल्यास दरमहा लाभ मिळतो. लोखंडे यांनी पूर्ण मजुरी मागितली होती. त्या आकड्यापर्यंत आपण अजून पोहोचलेलो नाही. तसेच ही योजना ठरावीक पगाराच्या मर्यादेपर्यंतच लागू आहे. २०१७ मध्ये ही मर्यादा दरमहा १५ हजारांवरून २१ हजार रुपये करण्यात आली.

आज कोणाला किती रजा?

उत्तर खडकवासल्यातच एका किलोमीटरच्या टप्प्यात मिळते.

धरणाजवळ केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तेथील केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला २० दिवसांची अर्धपगारी रजा मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्यास ती निम्म्या दिवसांच्या पूर्ण पगारी रजेत बदलून घेता येते. न वापरलेली रजा शिल्लक राहते.

सिंहगड रस्त्यावरच्या खासगी कार्यालयात किंवा मोठ्या दुकानात काम करणाऱ्याला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा लागू होतो. त्यात वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. ती वर्षअखेर संपते. वर्षात २४० दिवस काम केल्यास दर २० दिवसांमागे एक दिवसाची अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची वेगळी रजा या कायद्यात नाही. कंपन्या देतात ती ‘सिक लीव्ह’ बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या धोरणातून येते. म्हणूनच ती प्रत्येक कंपनीत वेगळी असते आणि अनेकदा एकाच कंपनीत दोन साहेबांकडेही वेगळी.

आणि चौपाटीवर कणीस भाजणाऱ्या बाईला? तिला रविवारची सुट्टीही नाही. तिचा रविवार हाच कमाईचा दिवस. ताप आला तर त्या दिवसाची चूल थंड. तिच्यासाठी १८८४ अजून संपलेले नाही.

व्यवस्थापकाने न्याय्य राहण्यासाठी काय करावे?

लोखंडे यांच्या मागण्यांचा समान धागा एकच आहे. जे एका माणसाच्या मर्जीवर चालते, ते सर्वांना माहीत असलेल्या नियमावर आणा. व्यवस्थापकांसाठी त्यातून काही साधी सूत्रे निघतात.

• नियम लेखी आणि सर्वांना सारखा ठेवा. कोणाला, किती वाजेपर्यंत कळवायचे आणि कितव्या दिवसापासून डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागेल, हे आधीच ठरवा. एका दिवसाच्या तापाला प्रमाणपत्र मागितले, तर अंगात ताकद नसताना माणूस दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो.

• आजाराचा तपशील चार लोकांत विचारू नका. टीमच्या ग्रुपवर ‘काय झाले?’ विचारले, की उत्तर न देणारा संशयित ठरतो. रजा मंजूर करणाऱ्याला किती दिवस आणि काम कोणाकडे, एवढे कळले तरी पुरते.

• बदलीची सोय करणे हे तुमचे काम आहे. आजारी माणसालाच स्वतःच्या जागी कोणी शोधायला सांगणे म्हणजे जॉबरचे काम त्याच्या गळ्यात घालणे. प्रत्येक महत्त्वाचे काम किमान दोघांना येत असेल, तर कोणाच्याही रजेने गाडी अडत नाही.

• ‘डबल खाडा’ नव्या रूपात आणू नका. रजेचा पगार द्यायचा आणि मग त्याच रजेमुळे हजेरी बोनस किंवा वार्षिक मूल्यांकनातले गुण कापायचे, हा तोच जुना प्रकार आहे.

• संशय आला तर आकडे पाहा आणि खासगीत बोला. दर सोमवारी कोणी आजारी पडत असेल, तर विचारणे गैर नाही. पण तीच फूटपट्टी सर्वांना लावा. कधी कधी त्या सोमवारमागे रविवारी रात्रीची पाळी किंवा घरातला डायलिसिसचा रुग्ण असतो.

• परत येणाऱ्याची जागा राखून ठेवा. ‘ईएसआय’चा आजारपणाचा लाभ घेत असलेल्या काळात कामगाराला काढून टाकता येत नाही. कायद्याबाहेरच्या कर्मचाऱ्यालाही हाच शब्द द्या. मोठ्या आजारानंतर पहिले काही दिवस हलके काम दिल्यास माणूस पुन्हा रजेवर जाण्याची वेळ कमी येते.

• कंत्राटी माणसाला विसरू नका. सुरक्षारक्षक, सफाई कर्मचारी आणि ऑफिस बॉय यांची ‘ईएसआय’ नोंदणी झाली आहे का आणि वर्गणी वेळेवर भरली जाते का, हे कंत्राटदाराला विचारा. सर्वात आधी खाडा त्यांचाच पडतो.

गैरफायदा घेणारे असतातच, हे मान्य. त्यांच्यासाठी चौकशी आणि कारवाईची तरतूद नियमातच ठेवता येते. पण दोघांच्या खोटेपणासाठी उरलेल्या अठ्ठावीस जणांना तापात कामावर बोलावणे हा तोट्याचा सौदा आहे. त्यातला एक जण फ्लू घेऊन आला, तर पुढच्या आठवड्यात अर्धी टीम घरी बसते.

लोखंडे यांची आठवण आज कुठे उरली आहे?

टपाल खात्याने २००५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तरुणपणी ते याच खात्यात नोकरीला होते. मुंबईत परळ येथील राज्य सरकारच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव आहे. भविष्यात मनुष्यबळ आणि कामगार कल्याण विभागांत काम करू पाहणारे विद्यार्थी तेथे शिकतात. म्हणजे उद्या ज्यांच्या टेबलावर रजेचे अर्ज येणार आहेत, त्यांतील काहींच्या पदविकेवर आजारी कामगाराचा पगार मागणाऱ्या एका गिरणी कारकुनाचे नाव असते.

रविवारची मागणी सहा वर्षांत मान्य झाली, कारण सुट्टीच्या दिवशी गिरणी सर्वांसाठी एकदम बंद होते. त्यात कोणाची मर्जी लागत नाही. आजारपण मात्र एकेकट्याला गाठते आणि तेथे निर्णय समोरच्या एका माणसाच्या हातात असतो. म्हणून पाचवी मागणी कायद्याने जितकी पूर्ण व्हायची, तितकी झाली. उरलेली रोज सकाळी एखाद्या साहेबाच्या मोबाइलवर मेसेज होऊन येते आणि त्याच्या उत्तरावर अवलंबून राहते.